पाचशे घोडे आणि चौदा किलोमीटरवरचं ऑफिस

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चाळिशीतल्या एका वाचकाने गेल्या वर्षी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. आठ सिलिंडर, चार लिटरचं इंजिन, दोन टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे पंखे), पाचशे हॉर्सपॉवर. कंपनीच्या कागदावर लिटरला साधारण 9 किलोमीटर लिहिलं आहे, यांना मिळतात पाच. ऑफिस 14 किलोमीटरवर, जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. ‘मी गाडी कधीच मारत नाही, गर्दीत मारणार कुठे? तरी एवढं का पिते?’ असं ते विचारतात. सकाळी निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन गरम करतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय त्यांनी बंद करून टाकली आहे, कारण झटका बसतो. मोड कायम स्पोर्ट, ‘नाहीतर घेतली कशाला!’ बायको गाडीला पांढरा हत्ती म्हणते. दहा वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर विचारते, ‘बाबा, आपली गाडी इतरांपेक्षा जास्त धूर सोडते का?’ एका गॅरेजवाल्याने ‘रीमॅप करून घ्या, ॲव्हरेज वाढेल’ असं सुचवलंय, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलायचं. मित्र म्हणतो, रोजच्यासाठी छोटी गाडी घे. बायको म्हणते, हीच विकून टाक. ताजा कलम: स्वस्तातलं पेट्रोल अर्धं-अर्धं मिसळलं तर चालेल का?

नमस्कार.

तुमच्या पत्रात पेट्रोलचा हिशोब कमी आणि अपराधीपणा जास्त आहे. तो कुठून आला ते नंतर पाहू. आधी गाडीवरचा आरोप तपासू, कारण मला ती बरीचशी निर्दोष वाटते.

‘मी मारत नाही, तरी पिते’ या वाक्यात एक गृहीतक आहे: हळू चालवली की पेट्रोल कमी लागतं. एका मर्यादेपर्यंत ते खरं आहे. पण तुम्ही हळू चालवत नाही आहात, तुम्ही थांबत-थांबत चालवत आहात, आणि या दोन गोष्टींत खूप अंतर आहे. तुमच्यासारखी गाडी सपाट रस्त्यावर एकसारख्या 100 च्या वेगाने जाते तेव्हा हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण मोडून काढायला तिला साधारण 20 हॉर्सपॉवर लागते. 40 च्या वेगाला तर चार-पाचच. म्हणजे ऑफिसच्या रस्त्यावर तुमच्या पाचशे घोड्यांपैकी चार-पाच काम करतात आणि उरलेले तबेल्यात उभे राहून चारा खातात.

ते कसे खातात? आठही पिस्टन सिलिंडरच्या भिंतींवर घासत असतात. कॅमशाफ्ट फिरतात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबल्या जातात, ऑइलचा पंप आणि पाण्याचा पंप चालू असतात. गाडी चाळीसने जावो की शंभरने, ही घरपट्टी भरावीच लागते. त्यात पेट्रोल इंजिनाची आणखी एक खोड आहे. ताकद कमी हवी असेल तर ते हवेची वाट थ्रॉटल नावाच्या झडपेने आवळून धरतं, आणि त्या आवळलेल्या वाटेतून हवा ओढून घेण्यातच काही ताकद खर्ची पडते. इंजिन जेवढं मोठं आणि काम जेवढं हलकं, तेवढा हा तोटा मोठा. चांगलं पेट्रोल इंजिन भरपूर भार असताना इंधनातली एक तृतीयांशाहून अधिक ऊर्जा कामाला लावू शकतं. रेंगाळताना हेच प्रमाण त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि सिग्नलला उभं असताना शून्यावर.

उभं राहण्याचाही हिशोब करता येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार दोन लिटरचं इंजिन असलेली छोटी कार नुसती सुरू ठेवली तर तासाला सुमारे 0.6 लिटर पेट्रोल जाळते, आणि 4.6 लिटरच्या इंजिनाची मोठी सेडान सुमारे दीड लिटर. तुमची गाडी या दुसरीच्या जवळची. जाता-येता दीड तासात निदान अर्धा तास तुम्ही उभे असणार, वर ती पाच मिनिटांची सकाळची आरती. म्हणजे एक लिटरच्या आसपास पेट्रोल चाक न फिरता जातं. तुमचा दिवसाचा खप 28 किलोमीटरला साडेपाच लिटरच्या थोडा वर आहे, त्यातला हा जवळजवळ पाचवा हिस्सा.

मग सिग्नल सुटतो. 1,700 किलोची गाडी शून्यावरून 50 ला न्यायची आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक मारून तो सगळा वेग उष्णता करून उडवून द्यायचा. मी कागदावर मांडून पाहिलं, अशा एका उडीला अंदाजे 25 मिलिलिटर पेट्रोल लागतं. दिवसभरात अशा चाळीस उड्या झाल्या की आणखी एक लिटर संपलं. यात ‘मारणं’ कुठेच नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उद्या डॅशबोर्डवर तात्कालिक खप दाखवणारी पट्टी लावा. बहुतेक गाड्यांत ती मेनूमध्ये दोन-तीन बटणांवर असते. सिग्नलला उभे असताना बघा: तिथे आकड्याऐवजी आडव्या रेघा येतील किंवा तासाला किती लिटर ते दिसेल. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून तुम्ही ब्रेक सोडून किंचित रेस दिलीत की पट्टी एकदम टोकाला जाऊन आदळेल. मग उतार लागू द्या, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. आकडा शून्य होईल, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात आणि इंजेक्टर पेट्रोल सोडणं थांबवतात. (उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.) दोन दिवस ही पट्टी पाहिलीत तर माझा उरलेला सल्ला वाचायची निम्मी गरज संपेल.

आता कंपनीचा 9 चा आकडा. तुम्हाला वाटतं की एकतर कंपनी खोटं बोलते किंवा तुमच्या गाडीत बिघाड आहे. मला तिसरी शक्यता दिसते: ती परीक्षा वेगळ्या रस्त्याची आहे. सध्या युरोपात आणि इतरही बऱ्याच ठिकाणी डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी वापरतात. 2017 पासून ती एनईडीसी या जुन्या चाचणीच्या जागी येत गेली. जुनी चाचणी 11 किलोमीटरची, सरासरी वेग 34. नवी 23 किलोमीटरची, अर्ध्या तासाची, सरासरी 46 आणि कमाल 131. म्हणजे 9 हा आकडा ज्या प्रवासाचा आहे तो तुमच्या प्रवासाच्या अडीचपट वेगाने झाला आहे. तुमचा सरासरी वेग 14 किलोमीटरला पाऊण तास, म्हणजे 19 च्या आत. गंमत म्हणजे डब्ल्यूएलटीपीच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या, ‘लो’ टप्प्याचा सरासरी वेगही जवळजवळ तेवढाच, 18.9 आहे, आणि त्यातला चतुर्थांशाहून जास्त वेळ गाडी उभी असते. अनेक कंपन्या या टप्प्याचा आकडा वेगळा देतात. तुमच्या गाडीच्या कागदपत्रांत शोधा. मोठ्या व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या गाड्यांचा तो आकडा 9 च्या खूपच खाली असतो, आणि तुमच्या पाचला त्याच आकड्याशेजारी उभं करायला हवं.

चाचणीचा आकडा किती भरकटू शकतो याचं टोकाचं उदाहरण पोर्शे 918 स्पायडर. व्ही-8 इंजिन, दोन मोटारी, आठशेहून जास्त हॉर्सपॉवर, आणि जुन्या युरोपीय चाचणीत 100 किलोमीटरला फक्त 3 लिटरच्या आसपास! कारण चाचणीचा बराच भाग चार्ज केलेल्या बॅटरीवर पार पडायचा. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेने, हीच गाडी नुसत्या पेट्रोलवर तपासली तेव्हा गॅलनला 22 मैल निघाले, म्हणजे 100 किलोमीटरला साडेदहा लिटरहून थोडं जास्त. गाडी तीच, प्रश्न वेगळे.

जाता जाता एक सावधगिरी. इंटरनेटवर ‘माझी हीच गाडी 20 देते’ असं कुणी मैलांत लिहिलं असेल तर तो माणूस अमेरिकेतला की ब्रिटनमधला ते आधी बघा. अमेरिकेचा गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटनचा 4.546 चा. अमेरिकेतले 20 म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर, ब्रिटनमधले 20 म्हणजे सातच.

तरीही बिघाड नाही ना, हे एकदा बघून घ्यावं, सेकंडहँड गाडीत तर नक्कीच. ओळख सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या महामार्गावर ट्रिप मीटर शून्य करून 90 ते 100 च्या एकसारख्या वेगाने बरंच अंतर जा. तिथे 10 च्या आसपास किंवा वर मिळालं तर इंजिन ठणठणीत आहे आणि दोष रस्त्याचा. तिथेही सहा-सातच मिळत असेल तर गॅरेज गाठा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर पाण्याचं तापमान कधी नीट वर येत नाही आणि इंजिन स्वतःला गारच समजून जादा पेट्रोल घेत राहतं. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असेल. ब्रेक अडकून घासत असतील, तर फारसा ब्रेक न मारता फिरून आल्यावर एकाच चाकाजवळ हात नेला की धग लागते. रिमला हात लावू नका. टायरची हवा गाडी गार असताना तपासा. एअर फिल्टर मात्र बदलून ॲव्हरेज वाढेल ही आशा सोडा. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खरं होतं, आजचं इंजिन हवा मोजूनच पेट्रोल सोडतं. फिल्टर तुंबला तर पिकअप कमी होतं.

रीमॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका, निदान या कारणासाठी तरी नाहीच. तुमचं पेट्रोल जातं ते उभं राहण्यात, गार इंजिनात आणि ब्रेकमध्ये. यातलं काहीही सॉफ्टवेअर बदलून कमी होत नाही. हलक्या भारासाठी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर आधीच काटकसरीने लावलेलं असतं. रीमॅपवाले टर्बोचा दाब वाढवतात, ताकद वाढते, आणि वाढलेली ताकद माणूस वापरल्याशिवाय राहत नाही. वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम हे विषय आणखी वेगळेच.

आता तुमच्या सवयी, म्हणजे गाडी न बदलता जे बदलता येईल ते. सकाळची पाच मिनिटं आधी बंद करा. आजच्या इंजिनाला उभं राहून गरम होण्याची गरज नसते. ते हळू गरम होतं, आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर तर गारच राहतात. सुरू करा, अर्ध्या मिनिटात निघा, पहिली काही किलोमीटर आरपीएम वर चढवू नका. लक्ष पाण्याच्या काट्यापेक्षा ऑइलच्या तापमानावर ठेवा, ऑइलला नेहमी जास्त वेळ लागतो. संध्याकाळी ‘टर्बो गार व्हावा’ म्हणून इंजिन सुरू ठेवत असाल तर गर्दीतून रांगत आलेल्या टर्बोला त्याचीही गरज नाही.

सिग्नलची आपोआप बंद होण्याची सोय चालू ठेवा. झटका बसतो हे मान्य, मोठ्या इंजिनात तो जास्त जाणवतो. पण वर मांडलेला तो एक लिटर आठवा, त्यातला मोठा भाग इथेच वाचतो. झटका फारच जोरात असेल तर बॅटरी किंवा इंजिनाचे माउंट थकलेत का ते दाखवून घ्या.

स्पोर्ट मोडबद्दल लिहिताना माझा हात जरा जड होतो, कारण तुमचं म्हणणं मला कळतं. एग्झॉस्टचा तो आवाज हा गाडी घेण्यामागचा अर्धा हेतू असतो. पण त्या मोडमध्ये गिअरबॉक्स खालच्या गिअरमध्ये अडून बसतो, आरपीएम चढे राहतात, सिग्नलची सोय बंद होते, आणि ज्या गाड्यांत पाय काढल्यावर इंजिन चाकांपासून सुटून गाडी नुसती वाहत जाते, तेही होत नाही. नॉर्मलमध्ये तीच गाडी लवकर वरचा गिअर घेते. काही गाड्यांत हलक्या भाराला निम्मे सिलिंडर झोपतात. लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरच्या साडेसहा लिटरच्या व्ही-12 मध्येही 135 किलोमीटर वेगाखाली, रेस हलकी असताना, सहा सिलिंडर बंद करायची सोय होती. तिथल्या इंजिनियरांना हे कमीपणाचं वाटलं नाही. आवाज रविवारसाठी ठेवा. आणि नॉर्मल मोडमध्ये आवाज तेवढा मोठा ठेवण्याचं वेगळं बटण तुमच्या गाडीत असेल, तर आपली दोघांची तडजोड तिथेच झाली.

कंपन्यांनाही आकड्यांचा धाक असतो. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने जास्त पिणाऱ्या कारवर खास कर आला. आज तो गॅलनला 22.5 मैलांच्या खालच्या कारला लागतो. 1989 च्या कॉर्व्हेटमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आला तेव्हा त्यात एक अडसर बसवला होता. हलक्या रेसवर पहिल्यातून दुसऱ्यात जायला गेलं की दांडा थेट चौथ्यात ढकलला जायचा. चाचणीत आकडा सुधारला, आणि मालकांनी तो अडसर काढून टाकायच्या युक्त्या शोधल्या.

राहिलं पायाचं काम. पुष्कळ लोक पेट्रोल वाचवायचं म्हणून मुंगीच्या पावलाने वेग घेतात. तुम्ही रेस देण्यात कंजुषी करू नका, ब्रेक मारण्यात करा. मध्यम रेसवर ठरलेल्या वेगाला पोचा आणि तिथे स्थिर राहा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. दूरचा सिग्नल लाल दिसला की पाय काढा आणि गिअरमध्येच येऊ द्या. चाळीसपैकी दहा ठिकाणी पूर्ण थांबणं टळलं तरी पुष्कळ झालं. पूर्ण रेस दाबल्यावर मात्र वेगळं काहीतरी घडतं: अनेक टर्बो इंजिनं त्या क्षणी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतात, जळण्यासाठी नव्हे तर एग्झॉस्ट गार ठेवण्यासाठी, टर्बोची टर्बाइन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटलिस्ट वाचावेत म्हणून. बुगाटी वेरॉन 400 च्या वर जाते तेव्हा तिची 100 लिटरची टाकी सुमारे 12 मिनिटांत रिकामी होते असं म्हणतात ते काही उगाच नाही. महामार्गावर 100 ऐवजी 130 ने गेलात तर हवेचा विरोध सुमारे 70 टक्क्यांनी वाढतो, हेही रविवारी लक्षात असू द्या.

उलट बाजू दाखवणारा एक प्रयोग 2008 मध्ये ब्रिटिश टीव्हीवर झाला होता. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, काटकसरीसाठी नावाजलेली टोयोटा प्रियस ट्रॅकवर जीव तोडून पळवली आणि तिच्या मागोमाग व्ही-8 ची बीएमडब्ल्यू एम3 नुसती साथ देत गेली. प्रियसला ब्रिटिश गॅलनला 17.2 मैल मिळाले, एम3 ला 19.4. याचा अर्थ एम3 काटकसरी आहे असा मुळीच नाही. इंजिनाच्या आकाराला काम शोभतं की नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. तुमचं पाऊण तासाचं ऑफिस प्रियसला शोभतं.

इथून आपण पर्यायांकडे येतो, आणि इथे ॲव्हरेजचा आकडाच फसवतो. पाचाचे सहा झाले तर कुणी पेढे वाटणार नाही, पंधराचे वीस झाले तर वाटतील. आता लिटर मोजा. हजार किलोमीटरला पाचच्या हिशोबाने 200 लिटर लागतात, सहाच्या हिशोबाने 167. वाचले 33. पंधराच्या हिशोबाने 67 लागतात, वीसच्या हिशोबाने 50. वाचले 17. फक्त एका किलोमीटरची सुधारणा पाचांच्या सुधारणेला दुप्पट भारी पडली! रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोघांनी 2008 मध्ये ‘सायन्स’मध्ये हाच घोळ मांडला होता: अंतर भागिले इंधन असा आकडा दिला की माणसं बचतीचा अंदाज चुकवतात. म्हणून यापुढे ॲव्हरेज बाजूला ठेवा आणि वर्षाचे लिटर मोजा.

तुमचा आकडा मी मांडतो. कामाचे दिवस 240 धरले तर ऑफिसचे 6,720 किलोमीटर. पाचच्या हिशोबाने 1,344 लिटर. वर सांगितलेल्या सवयींनी सहावर आलात तर 1,120. गर्दीत 14 देणारी छोटी गाडी घेतलीत तर 480. म्हणजे सवयींनी 224 वाचतात, आणि छोटी गाडी त्यावर आणखी 640 वाचवते. या 640 लिटरच्या किमतीसमोर दुसऱ्या गाडीची किंमत, विमा, सर्व्हिसिंग, उभी करायची जागा हे तुमच्याकडच्या भावाने मांडा. नुसत्या पेट्रोलवर हा सौदा जुळताना मी क्वचित पाहिला आहे. घरात तसाही दुसऱ्या गाडीचा उपयोग असेल, बायकोला हवी असेल, तर उत्तर एकदम पालटतं.

मित्राने आणि बायकोने न सुचवलेला एक पर्याय मात्र माझ्या मते सगळ्यांत चांगला आहे. आठवड्यातले दोन दिवस गाडी घरी. बस, रेल्वे, एखाद्या सहकाऱ्याची गाडी, घरून काम, जे तुमच्याकडे शक्य असेल ते. पाचातले दोन दिवस म्हणजे 40 टक्के, म्हणजे 1,120 मधले 448 लिटर. छोट्या गाडीच्या बचतीच्या दोन तृतीयांशाहून जास्त, आणि एक नवा पैसाही न गुंतवता.

यात गाडीचाही फायदा आहे, आणि खरं तर मला पेट्रोलपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. अशा इंजिनाला रोज दोनदा गार सुरू करून गर्दीत रांगायला लावणं त्याला मानवत नाही. गार इंजिनात पेट्रोलचा अंश पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतो, ओलावा साचतो, आणि ऑइल पुरेसं तापल्याशिवाय यातलं काही उडून जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तिला लांब फिरवा, पूर्ण गरम होऊ द्या, आणि ऑइल बदलताना नुसते किलोमीटर न पाहता महिनेही पाहा.

विकण्याबद्दल. निव्वळ पेट्रोलपायी विकू नका. घेऊन वर्षच झालंय, विकताना बसणारी घट बहुधा काही वर्षांच्या पेट्रोलला पुरून उरेल. पण हप्ते, विमा, टायर आणि ब्रेक यांनीही ओढाताण होत असेल तर प्रश्न पेट्रोलचा नाहीच, आणि मग बायकोशी वाद न घालता कागद-पेन घेऊन बसा. बदलायचीच झाली तर ‘स्पोर्ट्स’ म्हणजे पाचशे हॉर्सपॉवरच असं नाही. माझदा एमएक्स-5 सारखी दोन माणसांची गाडी हजार किलोच्या आसपास वजनाची आहे. दोन लिटरच्या मॅन्युअल गाडीला ईपीएच्या मापाने लिटरला 12 किलोमीटर मिळतात, आणि वळणावर ती तुम्हाला काही कमी हसवणार नाही. रोजची गर्दी अटळ असेल तर विजेवरची वेगवान गाडी पाहा. ती उभी असताना मोटर काही खात नाही आणि ब्रेक मारताना वेगाचा बराच भाग बॅटरीत परत येतो, म्हणजे तुमच्या इंजिनाची सगळ्यांत नावडती जागा तिला सगळ्यांत सोपी जाते. आवाज नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मुलीच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या: हो, सोडते. दिसणारा धूर नसला तरी एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमचे 1,344 लिटर म्हणजे तीन टनांच्या वर. ‘इतर लोक विमानाने फिरतात’ वगैरे तिला सांगू नका, दहा वर्षांच्या मुलांना पळवाट लगेच कळते. पण पुढचा हिशोब तिच्यासोबत बसून जरूर करा. लिटरला 7 देणारी गाडी वर्षाला 3,000 किलोमीटर फिरली तर 430 लिटर जाळते. लिटरला 15 देणारी ‘चांगली’ गाडी 15,000 किलोमीटर फिरली तर हजार. अपराधी वाटायचंच असेल तर ते गाडीच्या जातीबद्दल वाटू नये, जाळलेल्या लिटरांबद्दल वाटावं, आणि ते किती जाळायचे हे बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. टाकी दर वेळी पहिल्या क्लिकपर्यंतच भरा आणि किती लिटर गेले ते वहीत लिहा, कारण डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा बऱ्याच गाड्यांत जरा खुशमस्कऱ्या असतो. वही मुलीकडे दिलीत तर एकही नोंद चुकणार नाही.

ताजा कलमातल्या प्रश्नाला: मिसळू नका. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किमान ऑक्टेन लिहिलेला असतो, तो पाळा. तिथे ‘शिफारस’ आणि ‘आवश्यक’ असे दोन वेगळे आकडे असतील तर आवश्यकच्या खाली कधीच जाऊ नका. टर्बो इंजिनात कमी ऑक्टेनचं पेट्रोल वेळेआधी पेटू पाहतं, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण तेवढ्याच पेट्रोलातून काम कमी निघतं, म्हणजे पंपावर वाचलेले पैसे काही प्रमाणात रस्त्यावरच परत जातात. कधी नाइलाजाने हलकं पेट्रोल भरावं लागलंच तर ती टाकी संपेपर्यंत पाय हलका ठेवा, आणि पुढच्या वेळी नेहमीचं भरा.